बाबासाहेबांच्या अर्थविचाराची मुळे

दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'समोर आपण नतमस्तक होतो. ही वास्तू बाबासाहेबांनी मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी उभारली. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना जाणतो, परंतु अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब आपण किती वाचतो? विशेषतः विद्यार्थ्यांसाठी हा अल्पसा अभ्यास आम्ही मांडत आहोत.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे अर्थशास्त्राला प्रा. सेलिग्मन व तत्त्वज्ञानाला प्रा. जॉन ड्युई हे गुरू लाभले. ड्युई १८५९ साली जन्मले, आणि त्याच वर्षी डार्विनचा उत्क्रांतीविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणिजाती कायमच्या ठरलेल्या नसतात, हे डार्विनने दाखविले. विचार व संस्थाही अचल नसतात, त्या अनुभवाच्या कसोटीवर पारखून बदलाव्यात, असा बोध ड्युईंनी त्यातून घेतला.

ही दृष्टी बाबासाहेबांच्या लेखनात दिसते. १९१८ च्या शेतजमिनीवरील निबंधात त्यांनी विचारले की, शेत लहान की मोठे हे ठरवायचे कशावरून? केवळ एकरांवरून नव्हे, तर भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावरून, असे त्यांचे उत्तर होते. शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, तो उद्योगधंद्यांनीच हलका होईल, हा त्यांचा निष्कर्ष. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी ही व्यवस्था १८३३ पासून टप्प्याटप्प्याने कशी बदलत गेली ते तपासले.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त हीच कसोटी त्यांनी जातीला लावली. धंदा जन्माने ठरला की एक धंदा बुडाल्यावर माणूस दुसऱ्यात जाऊ शकत नाही. म्हणजे जात हे बेकारीचेही कारण आहे. 'हिंदू समाज इतकी शतके टिकला, म्हणून तो योग्य,' हा युक्तिवाद त्यांनी फेटाळला. नुसते टिकणे पुरेसे नाही, कोणत्या पातळीवर जगतो ते महत्त्वाचे. जो बलवान तो जगेल, असे सांगणाऱ्यांचा मार्ग येथे बाबासाहेबांनी सोडला.

बंधू-भगिनींनो, भगवान बुद्धांची अनित्यतेची शिकवण येथे आठवते. सर्व काही बदलते, म्हणूनच दुःखही दूर करता येते. १९५६ च्या धम्मदीक्षेआधी कितीतरी वर्षे बाबासाहेबांची बुद्धी याच दिशेने चालत होती, असे आम्हांस वाटते.

१९१८ साली उद्योगधंदे हा उपाय सुचविणाऱ्या बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची योजना मांडली. परिस्थिती पाहून त्यांनी उपाय पुढे नेला. मग आपण त्यांच्या ग्रंथांची पोथी करून पूजा करावी काय? आज शिकलेला तरुण बेकार का, कर्जाच्या ओझ्याखाली कुटुंब का दबते, हे प्रश्न आपणच आकडे व अनुभव घेऊन तपासले पाहिजेत. विद्यार्थ्यांनी वर्षाकाठी त्यांचा निदान एक अर्थशास्त्रीय ग्रंथ वाचावा, त्यावर वाद घालावा. तेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!