बत्तीस नंबरची पँट बत्तीस इंच का भरत नाही?

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावी ईद जवळ आली की कापड दुकानदाराला एक तक्रार हमखास ऐकावी लागते : "भाई, मागची बत्तीस नंबरची पँट बरोबर बसली होती. हीही बत्तीसचीच, पण बटनच लागत नाही!" पँट परत येते आणि दुकानाचा इतबारही कमी होतो. म्हणून नंबर आणि माप यांतील फरक व्यापारी व कारागीर बांधवांसमोर आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

पहिले कारण कट. जुन्या पद्धतीची पँट बेंबीजवळ बसते, तर खालच्या कमरेची जीन्स हाडावर बसते. तेथे बहुतेकांच्या अंगाचा घेर जास्त असतो. म्हणून एकाच नंबरच्या दोन पँटींचे पट्टे टेपने मोजले तर इंच-दोन इंचांचा फरक निघू शकतो. चुण्यांच्या पँटीत सीट व मांडीला जागा मिळते, तंग कटात मिळत नाही. शिवाय गिऱ्हाईक खूष व्हावे म्हणून मोठ्या पट्ट्यावर लहान नंबर लावणारे कारखानदारही आहेत. देशाची स्वतःची मापे ठरावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची २५,००० लोकांची मापे घेण्याची योजना २०१८ साली जाहीर झाली, ती याच गोंधळामुळे.

दुसरे कारण कापड. विणताना व रंगवताना सुती धागा ताणला जातो आणि पाणी लागताच आखडतो. ४० इंच लांबीचे कापड शेकडा तीन आटले तरी सव्वा इंचाच्या आसपास लांबी जाते. टेरीकॉट फारसे आटत नाही. लायक्रा घातलेले कापड अंगावर ताणते, म्हणून त्याचा पट्टा मुद्दाम लहान कापतात. जाड जीन्सचा दुहेरी पट्टा दोन मिलिमीटर भरला, तर बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे अर्धा इंच जास्त निघतो. म्हणून माप नेहमी आतून घ्यावे.

कारागिरांनी नवीन सुती ताग्याच्या तुकड्यावर उभी-आडवी ५० सेंटिमीटरची खूण करावी, तुकडा धुऊन वाळवून पुन्हा मोजावा. ४८ भरले, तर आट शेकडा चार. मग कापड आधी भिजवून घ्यावे किंवा तेवढी माया जास्त सोडावी. दुकानदारांनी चिठ्ठीवर विसंबू नये. पट्टा, सीट, मांडी आणि मोरी टेपने मोजून माप लिहून ठेवावे. नमाजी गिऱ्हाइकाला पँट घालून बसायला व वाकायला सांगावे. रुकू-सजद्यात मागची बाजू उघडी पडत असेल, तर कंबर बरोबर असूनही ती पँट त्याच्या कामाची नाही.

कुरआन शरीफातील सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. चिठ्ठीवरचा नंबर आपण लिहिलेला नसतो हे खरे. पण टेप आपल्या हातात असते. कापड किती आटेल, कट कसा बसेल, हे पैसे घेण्याआधीच सांगावे. त्यात एखादी विक्री हुकेल, पण गिऱ्हाईक पुढच्या ईदला आपल्याच दुकानी येईल.