पहिल्यांदा ग्रंथपालांसमोर बोलताना

ग्रंथपालांच्या मेळाव्यात मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले ती जळगावात. मी धुळ्याची, विषय होता लेखकांच्या नावांची नोंद. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि पाहुण्यांची भाषणं लांबली आणि माझ्या वाट्याची वीस मिनिटं दहावर आली. त्यात पडद्यावर मराठीऐवजी अगम्य चिन्हं उमटली. मी वापरलेला फॉन्ट तिथल्या संगणकावर नव्हता.

मग पडदा सोडला आणि एकच पुस्तक घेतलं, ‘गीता प्रवचने’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. साने गुरुजींचं नाव घेऊन कुणी हे पुस्तक मागायला आलं, तर आपल्या तालिकेत ते सापडेल का? गुरुजींची स्वतःची पुस्तकं ‘साने, पांडुरंग सदाशिव’ या नावाखाली असतील, तर ‘साने गुरुजी’ म्हणून शोधणाऱ्या मुलाने काय करायचं?

इथे सभागृह बोलू लागलं. मागच्या रांगेतल्या एका दादांनी बालकवींचा विषय काढला. कवी धरणगावचा, आपल्याच जिल्ह्यातला. पण त्यांच्याकडे काही पुस्तकं ‘बालकवी’खाली आणि काही ‘ठोमरे, त्र्यंबक बापूजी’खाली लागलेली. दुसऱ्या एका ताईंनी उपाय सांगितला: कुठलंही एक नाव कायम धरा आणि दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ची नोंद टाका. माझ्या तयारीतलं बरंच काही राहून गेलं, तरी हा मुद्दा सगळ्यांनी वहीत उतरवला.

तुम्ही पहिल्यांदा बोलणार असाल, तर मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून ठेवा आणि एक छापील प्रत पिशवीत असू द्या. भाषणाची दहा मिनिटांची आवृत्ती घरी मोठ्याने म्हणून पाहा; आपल्याकडच्या कार्यक्रमांत वेळ कापला जाणार हे धरूनच चाला. रंगनाथन यांच्या पाच नियमांनी सुरुवात करू नका. समोरच्या प्रत्येकाने ते अभ्यासक्रमात वाचलेले असतात. त्यापेक्षा तुमच्या दाखल नोंदवहीतली अडलेली एक नोंद दाखवा, ती कशी सोडवली ते सांगा. सुटली नसेल तर तसंच सांगा. उत्तर कदाचित समोरच बसलेलं असेल. म्हणून प्रश्नांसाठी वेळ हवाच, मग दोन मुद्दे गाळावे लागले तरी चालेल.

अशा मेळाव्यांत बहुधा महाविद्यालयीन ग्रंथपालच बोलतात आणि गावच्या वाचनालयांतली माणसं ऐकत बसतात. हे मला खटकतं. ‘ड’ वर्गाचं वाचनालय एका खोलीत चालवणाऱ्याला वाचक कुठे अडतो हे रोज दिसतं. तुम्ही त्यांपैकी असाल, तर पुढच्या मेळाव्याची पत्रिका छापण्याआधी आयोजकांना फोन करून तुमचं नाव द्या.