म्हशीची लघवी लाल, रक्त तपासावं का?

प्रश्न : म्हैस व्यायला तीन आठवडे झाले. लघवी कॉफीच्या रंगाची, दूध आटलं, ताप नाही. रक्त तपासणं गरजेचं आहे का?
– एक पशुपालक, मुखेड (जि. नांदेड)

उत्तर : हो, आणि आजच. तांबड्या पेशी फुटल्या की लघवीला असा रंग येतो. नुसत्या कडब्यावरच्या दुभत्या म्हशीत फॉस्फरस घटून हे घडतं. गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियातही लघवी लालच, पण बहुधा ताप असतो आणि औषध अगदी वेगळं. म्हणून काचपट्टीवर जंतू, हिमोग्लोबिन (निरोगी म्हशीत साधारण ९ ते १४ ग्रॅम) आणि रक्तजलातला फॉस्फरस तपासून घ्या. नमुना उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात लवकर पोचवा. रेंगाळला तर पेशींतला फॉस्फरस रक्तजलात उतरतो आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. अहवालासाठी उपचार मात्र थांबवू नका. फॉस्फरसचं इंजेक्शन डॉक्टरांच्याच हातून द्या.