संत जोसेफ वाझ : ख्रिस्तसभा कोणाची?



१६ जानेवारीला आपण संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करतो. मराठवाड्यात शुभवर्तमान आणले ते परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांनी. घोगरगावचे फादर गुरियन जाकिए हे त्यांतलेच. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यामुळे नकळत आपला एक समज झाला आहे : ख्रिस्तसभा म्हणजे फादर आणि सिस्टर, आपण फक्त रविवारी येऊन बसणारे. आज या संताच्या जीवनाच्या प्रकाशात हा समज तपासून पाहू या.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली येथे, आजोळी झाला. घर सांकवाळचे, मातृभाषा कोकणी. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यात स्थानिक धर्मगुरू पुष्कळ होते, पण युरोपियन धर्मसंघांची दारे त्यांना जवळजवळ बंदच होती. कातडीचा रंग आड येत असे. वेदीवर मिस्सा अर्पण करायची, पण संघात मात्र जागा नाही, अशी ती अवस्था होती.

तेव्हा जुन्या गोव्यातील होली क्रॉस ऑफ मिरॅकल्सच्या चर्चजवळ काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले. १६८५ साली फादर वाझ त्यांना येऊन मिळाले आणि त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या नियमावलीच्या आधारे त्यांनी या गटाला शिस्त व ध्येय दिले. हाच गोव्याचा ओरेटोरियन संघ. येथील भूमिपुत्रांनी स्वतः उभा केलेला आणि स्वतः चालवलेला असा हा धर्मसंघ होता.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. या संघात प्रवेश मुख्यतः ब्राह्मण घराण्यांतून आलेल्या धर्मगुरूंनाच मिळत असे. रंगामुळे ज्यांना दार बंद झाले, त्यांनीच जातीमुळे दुसऱ्यांना दार बंद केले. संताने उभारलेली संस्थाही काळाच्या दोषातून सुटत नाही. दोष कबूल केल्याने संताचे मोठेपण कमी होत नाही; आपले डोळे मात्र उघडतात.

आता सिंहल बेटाकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे वळू या. १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांना तेथून घालवले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. जवळजवळ ३० वर्षे तेथील श्रद्धावंतांना ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन करता आले. ही हाक ऐकून फादर वाझ निघाले. सोबत जॉन नावाचा सेवक होता. १६८७ साली मजुराच्या वेशात, अनवाणी ते बेटावर पोहोचले. वाटेतच हगवणीने त्यांना गाठले होते. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते जाफन्यात दारोदार भिक्षा मागत फिरले. माळ पाहून कोणाचे डोळे चमकतात, यावरून आपली माणसे ओळखायची!

आणि माणसे सापडली. फादर नसतानाही घरांतून प्रार्थना तगून होती. रात्री दार लावून मिस्सा होऊ लागली. पकडले गेलो तर शिक्षा होणार, हे ठाऊक असूनही लोकांनी त्यांना घरात लपवले. १६९२ साली ते कँडीला गेले. तेथे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पुढे राजाचा विश्वास त्यांनी मिळवला. १६९७ साली देवीची साथ आली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी धर्म न पाहता सेवा केली.

एक माणूस सगळ्या बेटाला पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. गोव्याहून त्यांच्याच संघाचे धर्मगुरू मदतीला आले. गावोगावी प्रापंचिक प्रमुख नेमले गेले. तमिळ भागात त्यांना अण्णावी म्हणत. फादर नसताना प्रार्थना चालवणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, मरणाऱ्याजवळ बसणे ही त्यांची कामे होती. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे फादर वाझ देवाघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले.

त्यांच्या संघाचे काय झाले? पोर्तुगीज सरकारने सर्व धर्मसंघ बंद केले, तेव्हा १८३५ मध्ये तोही संपला. पण श्रीलंकेतील श्रद्धा संपली नाही. तत्त्वज्ञानात साधन आणि साध्य असा भेद करतात. संघ हे साधन होते, ते गेले. साध्य होते लोकांच्या अंतःकरणातील ख्रिस्त. तो राहिला, कारण लोकांनी त्याला आपल्या घरात जागा दिली होती.

बंधू-भगिनींनो, दौलताबादच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फादर रोज पोहोचू शकत नाहीत. आजारी म्हाताऱ्यासाठी शेजारी बसून कोणी रोजरी म्हणतो का? मुलांना क्रुसाची खूण कोण शिकवतो? आणि चर्चमध्ये कोणी नवा माणूस आला, तर बाकावर सरकून आपण त्याला जागा देतो, की त्याचे आडनाव आधी विचारतो?

या आठवड्यासाठी : संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून रोजरीचे निदान एक दशक म्हणावे, आणि शेजारच्या एका घराला त्यात बोलवावे.

संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती कर.

आपला,
फादर