अहवालातील ठिपका आणि मनातील भीती

घरातील एक वयस्क गृहस्थ पाय घसरून पडतात. बरगडी मोडली की काय, हे पाहण्यासाठी छातीचे सीटी स्कॅन होते. बरगडी शाबूत निघते; परंतु अहवालाच्या शेवटी फुप्फुसात पाच मिलीमीटरचे नोड्यूल, म्हणजे बारीक गाठ, दिसल्याची नोंद असते. गृहस्थ पूर्वी विडी ओढत असत, म्हणून डॉक्टर वर्षभराने पुन्हा स्कॅन करण्यास सांगतात. त्या दिवसापासून साऱ्या घराची झोप उडते.

'गाठ' म्हणताच आपल्याला कर्करोग आठवतो. वास्तविक अशा लहान गाठींपैकी बहुतांश निरुपद्रवी असतात. आपल्या देशात तर जुन्या, कदाचित नकळत बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा व्रणही असा दिसू शकतो. फ्लायश्नर सोसायटी या तज्ज्ञ संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शनानुसार, पस्तिशीपुढील व्यक्तीस पूर्वी कर्करोग झालेला नसेल आणि तिची प्रतिकारशक्ती ठीक असेल, तर 6 मिलीमीटरहून लहान भरीव गाठीसाठी धोका कमी असल्यास नियमित स्कॅनची गरज नसते; धोका अधिक असल्यास 12 महिन्यांनी एक स्कॅन करता येते. 6 ते 8 मिलीमीटरच्या एकेरी गाठीसाठी 6 ते 12 महिन्यांनी पुन्हा पाहतात. व्रण सहसा आहे तसाच राहतो, रोग असेल तर तो वाढतो. म्हणून थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. येथे काळ हीच तपासणी आहे.

भीती मात्र माणसाला दोन्हीकडे ओढते. कोणी दर आठवड्याला नवा डॉक्टर गाठतो. कोणी अहवाल कपाटात दडवून 'अल्लाह मालिक आहे' म्हणत ठरलेली तारीख चुकवतो. दुसऱ्या वागण्याला तवक्कुल म्हणणे योग्य नाही.

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांचे उदाहरण पाहा. पुत्रांना मिसरला धाडताना त्यांनी निरनिराळ्या दरवाजांनी प्रवेश करण्यास सांगितले. अल्लाहच्या निर्णयापुढे ही खबरदारी चालणार नाही, हेही त्याच वेळी सांगितले. दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले, तरी त्यांनी आपली व्यथा अल्लाहपाशीच मांडली, आणि पुत्रांना पुन्हा शोधास पाठवून आशा सोडू नका असे बजावले. खबरदारी, अश्रू आणि आशा एकाच अंतःकरणात नांदू शकतात. म्हणून घाबरलेल्या माणसाला 'तुमचा ईमान कच्चा' असे बोलून दुखवू नका.

आपल्या हाती जे आहे ते करा. पुढील स्कॅनची तारीख लिहून ठेवा. तुलनेसाठी जुनी सीडी व अहवाल जपा. तंबाखू व विडी कायमची सोडा. शंका कागदावर लिहून एकाच भेटीत विचारा. खोकल्यातून रक्त आले किंवा कारण नसताना वजन घटू लागले, तर तारखेची वाट पाहू नका. चिंतेने झोप व भूक कित्येक दिवस हरपली, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाज नाही.

मधले महिने मात्र त्या ठिपक्याच्या स्वाधीन करू नका. फजरनंतर दुआ मागा, नातवंडांना जवळ घ्या, नेहमीच्या कामाला लागा. पुढचा अहवाल काय येईल ते अल्लाह जाणतो. आजचा दिवस त्यानेच आपल्याला दिला आहे.