खाण तशी माती : केळीचे पिल्लू कसे ओळखावे?



शाकीय प्रजननाचा पाठ आपण वर्गात शिकतो. बटाट्याचा डोळा, पानफुटीचे पान, आल्याचा कंद ही उदाहरणे सर्वांना पाठ असतात. पण या पाठाचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर उभे असते. ते म्हणजे केळ.

केळीचा उभा दिसणारा सोट हे तिचे खरे खोड नव्हे. पानांचे तळ एकावर एक घट्ट गुंडाळून तो बनलेला असतो. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा गड्डा. या गड्ड्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. घरी आपण त्यांना पिल्ली म्हणतो, शेतीच्या पुस्तकांत मुनवे म्हणतात. एक सोट एकदाच घड देतो आणि संपतो. वंश पुढे चालतो तो पिल्लांवर.

आपण खातो त्या केळ्यात उगवणारी बी नसते. यातील बहुतेक जातींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. याउलट आंबोलीकडे सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात जी रानकेळ दिसते, जिला कोणी चवेणी तर कोणी कवदर म्हणतात, ती पिल्ली देत नाही. ती बियांपासूनच वाढते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. परसातील केळीचे पिल्लू म्हणजे आईचीच प्रत. आईची गोडी त्यात येते, तसा आईचा रोगही येतो. ‘खाण तशी माती’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. म्हणून पिल्लू निवडण्याआधी आई निवडावी.

आई कशी असावी?

तिचा घड डोळ्यांनी पाहिलेला असावा. खालची पाने कडेने पिवळी पडून देठापाशी मोडून लोंबत असतील, सोट बुंध्याशी उभा चिरला असेल, तर पनामा मर रोगाची शंका घ्यावी. शेंड्याशी पाने आखूड, अरुंद व उभी होऊन गुच्छासारखी दिसत असतील, तर तो पर्णगुच्छ रोग. हा विषाणूचा रोग मावा किडीमुळे पसरतो आणि रोगट पिल्लांबरोबर गावोगाव जातो. अशा केळीचे पिल्लू कोणी फुकट दिले तरी घेऊ नये आणि कोणाला देऊही नये.

पिल्लू कसे ओळखावे?

१. तलवारी पिल्लू : पाने अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी. बुंधा जाड, वर निमुळता. आईच्या गड्ड्याला घट्ट जोडलेले. लागवडीला हेच घ्यावे.

२. पाणपिल्लू : लहान वयातच पाने रुंद व पसरट. बुंधा बारीक, गड्डा लहान, आईशी जोड वरवरची. रुंद पाने पाहून ते जोमदार वाटते, पण त्याचा घड हलका येतो. ते काढून टाकावे.

तीन-चार महिन्यांचे, दोन ते तीन फूट उंचीचे, अर्धा ते एक किलो वजनाच्या गड्ड्याचे पिल्लू उत्तम. शक्यतो आईचा घड उतरवल्यावर माती बाजूला सारून धारदार पहारीने गड्ड्यासह वेगळे करावे. नुसते ओढून काढू नये. हे काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे. नंतर मुळ्या छाटून गड्डा नीट पाहावा. आतून पांढरा असेल तर चांगला. तांबूस रेघा किंवा किडीने पोखरलेली भोके दिसली तर ते पिल्लू टाकून द्यावे.

लागवड

दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. त्यात कुजलेले शेणखत व माती भरावी. दोन केळींत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. आपल्याकडे जुलैचा पाऊस दांडगा असतो, म्हणून लागवड जूनच्या सुरुवातीस करावी किंवा जोर ओसरल्यावर. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नये. फुलोरा येईपर्यंत बाजूची पिल्ली कापत राहावे, मग एकच तलवारी पिल्लू राखावे. आई, लेक आणि नात, एवढेच कुटुंब एका आळ्यात सुखाने नांदते. साधारण वर्ष-सव्वा वर्षात घड हाती येतो.

हा विषय परसापुरता नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व युरोपच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ केळीचे राज्य होते. पनामा मर रोग मातीतून आणि रोगट पिल्लांतून पसरला व १९६० च्या दशकापर्यंत तो व्यापार ‘कॅव्हेंडिश’ गटाकडे वळला. आपल्याच राज्यातील नंजनगूडची ‘रसबाळे’ केळी भौगोलिक मानांकन मिळालेली, पण त्याच रोगाने तिची लागवड फार थोडी उरली आहे.

मच्छे परिसरात औद्योगिक वसाहत वाढली, घरे वाढली, परसे आकसली. बाजारात उतिसंवर्धित रोपे मिळतात. ती एकसारखी व बहुधा रोगमुक्त असतात, शेतकऱ्यांना त्यांचा लाभ होतो. पण आजीने माहेराहून आणलेली जवारी केळ तिथे मागून मिळेलच असे नाही. बी नसलेली जात दाण्याच्या कणगीत जपून ठेवता येत नाही. ती एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जात राहिली तरच टिकते. शेवटचे आळे सिमेंटखाली गेले की ती चव गेली.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या किंवा शेजारच्या केळीची माहिती वहीत लिहावी : जातीचे घरगुती नाव, पिल्लू कोठून व कधी आणले, घडाला किती फण्या आल्या, रोगाची लक्षणे आहेत का. निरोगी केळीची तलवारी पिल्ली जूनमध्ये शाळेच्या आवारात लावण्याचा आमचा विचार आहे. पिल्लू आणण्यापूर्वी विज्ञानाच्या शिक्षकांना वही दाखवावी. आधी आई, मग पिल्लू, हा क्रम विसरू नये.