आधी काडतूस तपासा

पन्नास मीटर रायफलच्या नेमबाजाचा स्कोअर घसरला की रेंजवरचे सगळे डोळे त्याच्या खांद्याकडे, कोपराकडे आणि ट्रिगरवरच्या बोटाकडे वळतात. काडतुसाच्या डबीकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती आधी बघा.

मी प्रोन मारायचे तेव्हाची गोष्ट. चांगला बसलेला लॉट संपला आणि क्लबच्या एकत्र मागणीतून नवा माल आला. कंपनी तीच, नाव तेच, डबीचा रंगही तोच. फक्त छापलेला लॉट नंबर वेगळा. पडद्यावर १०.५, १०.६, १०.४ असं छान चाललेलं असताना मधेच ९.८ यायला लागला, आणि तो दर वेळी सहाच्या काट्यावर, सरळ खाली. शॉट उभ्या रेषेत पसरले की पहिला संशय श्वासावर जातो आणि तो रास्तच आहे, कारण प्रोनमध्ये श्वास नीट थांबला नाही तर नळी वर-खालीच हलते. सरांनी श्वासाची लय बदलायला लावली. मग स्लिंग घट्ट झाली, मग बटप्लेट खाली गेली. राज्य स्पर्धा त्यातच हातची गेली. खरं नुकसान मात्र निराळंच होतं. शॉट सुटताना मला नेम स्वच्छ दहात दिसायचा, पडदा ९.८ म्हणायचा, आणि हळूहळू मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

शेवटी एका ज्येष्ठ नेमबाजांनी रायफल टेबलावरच्या शिकंजात आवळायला लावली. माणूस बाजूला काढला तरी शॉट तसेच उभ्या रेषेत पडत होते. क्लबमधल्या एका ताईंकडे जुन्या लॉटच्या थोड्या डब्या उरल्या होत्या. त्या मारल्या तेव्हा दहा गोळ्यांचं मिळून एकच फाटकं भोक झालं.

हे का होतं, ते आकड्यांत बघा. .२२ मॅच काडतुसाची ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ३२५ ते ३३० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती जवळपास १२ सेंटिमीटर खाली आलेली असते. वेग सेकंदाला पाच मीटरने कमी पडला तर ती आणखी पावणेचार-चार मिलिमीटर खाली लागते. आपल्या टार्गेटवर दशांशाची एक पायरी ०.८ मिलिमीटरची, म्हणजे जवळपास अर्धा गुण गेला आणि नेमबाजाच्या हातून काहीही चुकलेलं नाही. ही वेगाची तफावत बरेचदा काडतुसाच्या काठात असते. .२२ मध्ये पेट घेणारं रसायन बुडाच्या पोकळ काठात भरलेलं असतं; ते सगळीकडे सारखं बसलं नाही तर दारूही सारखी पेटत नाही.

सेंटरफायर रायफलवाले परदेशात स्वतः दारू तोलून, गोळी निवडून काडतूस बनवतात. .२२ मध्ये ती वाट नाही. पिनच्या घावाने काठच चेपला जातो, रिकामी केस पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आपल्या हाती उरते ती निवड, आणि ती मनापासून करावी.

निवडीआधी रायफलचे स्क्रू बघा. ॲक्शन आणि लाकूड धरणारे स्क्रू टॉर्क रेंचने दर वेळी एकाच मापाला आवळलेले हवेत, नाहीतर तुम्ही लॉट तपासताय की स्क्रू, तेच कळणार नाही. नळीच्या आत चेंबरच्या पुढे शिसं साचलं असेल तर काढा. दुसऱ्या कंपनीचं काडतूस लावलं की पहिल्या दहा-वीस गोळ्या हिशेबात धरू नका. प्रत्येकाच्या गोळीवरचं मेण निराळं, आणि नळीला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारा, शिकंजात किंवा भक्कम टेकूवर, वारा पडलेला असताना. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर भाळू नका. वीसातली एक गोळी खाली टाकणारा लॉट पाचात देखणा दिसतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते ६०० पैकी ५९७ गुणांनी. साठ शॉटांत वीसाला एक नऊ म्हणजे बरोबर तेवढेच तीन गुण. त्या पातळीवर अशा लॉटने सगळी शिल्लक काडतुसालाच देऊन टाकली असती.

सर्वांत महाग डबी तुमच्या नळीत सर्वांत चांगली चालेलच, असं अजिबात नाही. एकाच नावाच्या दोन लॉटमधला फरक कधी दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. म्हणून तर मोठे खेळाडू रायफल घेऊन थेट कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात. जर्मनीत शोनेबेकला लापुआचं असं केंद्र आहे. तिथे रायफल पकडीत बसवून एकेक लॉट मारून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. आपल्यातल्या बहुतेकांना ते परवडत नाही. मग चार-पाच नेमबाजांनी मिळून वेगवेगळ्या लॉटच्या थोड्या-थोड्या डब्या घ्याव्यात आणि प्रत्येकाच्या नळीत मारून बघाव्यात. माझ्या नळीने नाकारलेला लॉट शेजारच्या मुलाला हमखास लागू पडलेला मी पाहिला आहे.

काडतुसं वजन करून निवडत बसणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण तो वेळ सरावाला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा डब्या उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोळीवरचं मेण ओघळतं. आणि दोन लॉट एका ट्रेमध्ये कधीच ओतू नका.

एअर रायफलच्या मुलांच्या आई-वडिलांनाही हेच सांगते. पेलेटच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं असतात. दुकानदार म्हणाला म्हणून एक उचलण्याऐवजी दोन-तीन मापं मुलाच्या रायफलमधून टेकूवर मारून बघा. दहा मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

जमलेला लॉट मिळाला की ऐपत असेल तेवढा एकदम घ्या, तो नंबर पुन्हा बाजारात येत नाही. सरावाच्या वहीत स्कोअरशेजारी लॉट नंबर लिहा. आणि साठा संपायला दोन-तीन महिने असतानाच पुढच्याची चाचणी सुरू करा, म्हणजे जुना लॉट तुलनेला हाताशी असतो.